मारुती ८०० इलेक्ट्रिक करताना गिअरबॉक्स ठेवायचा का, आणि क्लचचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी वडिलांची मारुती ८०० आहे, चार गिअरची. बॉडी धडधाकट, पण इंजिन ऑइल खातंय. रोजचं जाणं-येणं धायरी ते शिवाजीनगर, म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, आणि अधूनमधून रविवारी वडिलांना घेऊन सिंहगड. इलेक्ट्रिक किट बसवणाऱ्या दोघांशी तुम्ही बोललात. एक म्हणाला, गिअरबॉक्स आणि क्लच दोन्ही ठेवू. दुसरा म्हणाला, क्लच काढून टाकू, मोटर थेट बॉक्सला जोडू आणि गाडी कायमची तिसऱ्या गिअरमध्ये ठेवू, इलेक्ट्रिकला गिअर लागतातच कशाला? दोघांत बरोबर कोण?

तुमच्या गाडीसाठी आणि तुमच्या रस्त्यासाठी पहिला बरोबर आहे. मी वीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय, त्यातली शेवटची सात वर्षं पेट्रोल गाड्या इलेक्ट्रिक करण्याच्या कामातही आहे. त्यामुळे हे जरा खोलात जाऊन सांगतो. दोघांपैकी कुणाकडेही गेलात तरी काय विचारायचं आणि काय डोळ्यांनी बघायचं, हे तुम्हाला कळायला हवं.

पण सगळ्यात आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. पेट्रोल गाडी पूर्ण इलेक्ट्रिक करायची तर त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं किट लागतं. त्याचं मानक एआयएस-१२३, भाग ३ (एआयएस म्हणजे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड). अशी मंजुरी देणाऱ्या चाचणी संस्थांपैकी एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), पुण्यात आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. मंजूर किट, ते बसवण्याचा अधिकार असलेला माणूस, मग आरटीओची तपासणी, आरसीवर इंधनाच्या रकान्यात बदल आणि हिरवी नंबरप्लेट. विमा कंपनीलाही कळवायचं. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली असणार, म्हणजे पासिंग पाच-पाच वर्षांनी आहेच. ते संपत आलं असेल तर दोन्ही कामांचा मेळ आधीच घाला.

म्हणून दोघांनाही एकच सांगा: ८०० साठीचं मंजुरीचं प्रमाणपत्र दाखवा. क्लच राहणार की जाणार, हे त्या मंजूर रचनेतच ठरलेलं असतं. गॅरेजमध्ये आयत्या वेळी कुणी आपल्या मनानं बदलायचं नसतं. 'तिसऱ्यात कायम' ही रचना त्या कागदात नसेल, तर ती त्या माणसाची स्वतःची कल्पना आहे आणि अपघात झाला तर निस्तरावं तुम्हाला लागेल. ज्याच्याकडे कागदच नाही, त्याच्याकडे चहाही घेऊ नका.

आता गिअरबॉक्सकडे वळतो. पुष्कळांच्या लक्षात येत नाही की ८०० सारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच, गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. बॉक्स काढला की डिफरन्शियल गेलं, दोन्ही एक्सल जिथे बसतात ती जागा गेली, इंजिन-बॉक्स बॉडीला जिथे टांगलेले असतात तो एक फाउंडेशन पॉइंट गेला. त्या जागी दुसरा रिडक्शन गिअरबॉक्स आणायचा, त्याच्या मापाचे एक्सल करून घ्यायचे, हा खर्चाचा आणि जोखमीचा रस्ता आहे. ओम्नी किंवा जिप्सीची गोष्ट वेगळी, त्यांचं डिफरन्शियल मागे स्वतंत्र असतं. तुमच्या गाडीत बॉक्स ठेवण्याला तसा पर्याय नाही, आणि हे दुसऱ्या माणसालाही मान्य आहे. वाद आहे तो एकाच गिअरमध्ये ठेवण्याचा आणि क्लचचा.

'इलेक्ट्रिकला गिअर लागत नाहीत' हे वाक्य कारखान्यातून तशीच बनून आलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांबाबत खरं आहे. त्यांची मोटर मोठी, व्होल्टेज तीनशेच्या वर, मोटर दहा-बारा हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) फिरते आणि कूलंटनं थंड होते. आपल्या किटची मोटर बहुतेक वेळा ७२ किंवा ९६ व्होल्टची, हवेवर थंड होणारी, पाच-सहा हजार आरपीएमपर्यंतची असते. दोन्हींना एक नियम लावून चालत नाही. गिअर ताकद वाढवत नाही. मोटर दहा किलोवॉट देत असेल तर कुठल्याही गिअरमधून चाकाला दहाच किलोवॉट मिळणार, त्यातलेही शंभरात चार-पाच बॉक्समध्ये जाणार. गिअरनं बदलतो तो मोटरवर पडणारा पीळ, म्हणजे टॉर्क. आणि मोटर तापते ती पिळामुळे.

सिंहगडाच्या घाटाचा हिशोब करून बघा. गाडी, बॅटरी आणि दोन माणसं मिळून ९०० किलो धरू. शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल तर गाडी वर ढकलायला साधारण हजार न्यूटन जोर लागतो. बारा इंची चाकाची त्रिज्या पाव मीटर, म्हणून चाकांवर टॉर्क २५० न्यूटन-मीटर. चार गिअरच्या ८०० मध्ये दुसऱ्या गिअरला मोटर साडेनऊच्या आसपास फेरे फिरते तेव्हा चाक एक फेरा फिरतं, तिसऱ्याला पावणेसहाच्या आसपास. म्हणजे त्याच चढावर मोटरला दुसऱ्यात २७-२८ न्यूटन-मीटर द्यावे लागतात, तिसऱ्यात ४५. आता ३००० आरपीएमला १० किलोवॉट सलग देणारी मोटर घ्या. तिचा सलग टॉर्क भरतो जेमतेम ३२. दुसऱ्या गिअरमध्ये ती गडावर निवांत चढेल. तिसऱ्यात ती पूर्ण घाटभर आपल्या सलग क्षमतेच्या दीडपट जोरानं काम करत राहील. टॉर्क वाढतो तसा मोटरचा करंट वाढतो, आणि वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांमधली, उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. दुसऱ्या गिअरच्या तुलनेत तिसऱ्यात टॉर्क १.६ पट, उष्णता अडीचपट. त्यात मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये तो हळू फिरतो. नेमकी जेव्हा हवा जास्त हवी तेव्हाच ती कमी मिळते.

बॅटरीला यात फारसा फरक पडत नाही, ती दोन्ही वेळा तेवढीच वीज देते. त्रास मोटरला आणि तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरला. आणि वरचा हिशोब सरळ चढाचा आहे. वळणावर समोरून गाडी आली म्हणून थांबलात आणि पुन्हा निघायचं, तिथे चढ शंभराला पंधराचा असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये साठ-सत्तर न्यूटन-मीटर लागतील, तेही शून्य वेगाला. तेव्हाच कंट्रोलर तापून जोर कमी करतो आणि गाडी मागे सरकायला लागते. शेजारी वडील बसलेले असताना हे नको.

माझे आकडे तसेच्या तसे घेऊ नका, स्वतः मोजा. मोटर बसवण्याआधी बॉक्स गाडीत असताना पुढची बाजू जॅकवर घेऊन नीट स्टँडवर ठेवायची, इनपुट शाफ्टवर, म्हणजे बॉक्समध्ये फिरकी आणणाऱ्या दांड्यावर, खडूची खूण करायची, गिअर टाकायचा आणि शाफ्ट हातानं फिरवत चाकाचे फेरे मोजायचे. यात एक गफलत हमखास होते. एकच चाक उचललं आणि दुसरं जमिनीवर राहिलं, तर डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक दुप्पट फिरतं आणि रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे तो आकडा, निम्मा येतो. हा चुकीचा रेशो धरून मोटर निवडलेली मी पाहिली आहे.

म्हणजे चारही गिअर सारखे टाकत बसावं लागेल का? अजिबात नाही. मोटरला आयडलिंग नसतं, शून्यापासून तिचा पूर्ण टॉर्क मिळतो. सिग्नलला दुसऱ्या गिअरमध्ये थांबायचं, क्लच दाबायचा नाही, ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी निघाली. सिंहगड रोडच्या गर्दीत दिवसभर दुसरा पुरतो, कारण ४० च्या वेगाला मोटर चार हजार आरपीएमवर असते. रस्ता मोकळा मिळाला की तिसरा, बायपासला वाटलं तर चौथा. पहिला फक्त घाटातल्या अवघड वळणांना. माझे गिऱ्हाईक महिनाभरात दोनच गिअरवर येतात.

मग दोनच गिअर वापरायचे तर क्लच कशाला, असं दुसरा माणूस म्हणेल. क्लच काढला तर जोड आखूड आणि सोपा होतो, एक पेडल कमी होतं, वजन कमी होतं, हे खरं आहे. पण गिअर बदलताना बॉक्समधल्या सिंक्रो रिंगला (गिअर अडकण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांना) फक्त क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांचा वेग जुळवायचा असतो, त्या तेवढ्यासाठीच बनवलेल्या असतात. क्लच नसला तर त्या पितळी रिंगच्या मागे मोटरचा सगळा रोटर, म्हणजे तिचा आतला फिरणारा भाग, येतो. तो वजनदार असतो आणि स्वतःहून लवकर मंदावत नाही. मग गिअर न्यूट्रलला आणून एक-दोन सेकंद थांबावं लागतं. सपाट रस्त्यावर जमेल. घाटात चढावर तेवढ्या वेळात गाडीचा वेग पडतो. घाईनं ढकललं तर रिंग झिजतात आणि नाना पेठेत ८०० चा सुटा माल अजून मिळत असला तरी बॉक्स उघडायची मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

क्लच ठेवण्याचं मला त्याहून महत्त्वाचं वाटणारं कारण वेगळं आहे. ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन जास्तीत जास्त ५९ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं, तेही वेग घेतल्यावर. बॉक्सचे दात त्या हिशोबानं केलेले आहेत. मोटर ८०-१०० न्यूटन-मीटरचा झटका पाऊल टेकवताक्षणी देऊ शकते. अशा वेळी प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट फ्यूजसारखं काम करतात: दात तुटण्याआधी क्लच घसरतो. शिवाय क्लच प्लेटमधल्या स्प्रिंग पहिला धक्का गिळतात. थेट जोडलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला-धरला की बॉक्समधून 'ठक' असा आवाज येतो, तो याच स्प्रिंग नसल्यामुळे. तरीही सगळं क्लचवर सोडायचं नाही. कंट्रोलरमध्ये टॉर्कची मर्यादा ६०-६५ च्या आत ठेवा आणि जोर हळूहळू चढेल अशी सेटिंग करून घ्या. क्लच पेडलला एक स्विच बसवून घ्या, पेडल दाबलं की मोटरचा जोर शून्यावर. नाहीतर क्लच दाबलेला आणि दुसरा पाय ॲक्सिलरेटरवर, अशा वेळी मोटर मोकळी सुटून आरपीएम वर पळतात.

रीजनरेशनबद्दल, म्हणजे वेग कमी करताना मोटरनं वीज बनवून बॅटरीत परत भरण्याबद्दल, एवढंच, की ते सौम्य ठेवा. ब्रेक लावताना दातांच्या उलट्या बाजूवर भार येतो. पेट्रोल इंजिनच्या ब्रेकिंगलाही तो यायचा, पण थोडा. गडावरून उतरताना पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ असतं, तिथे पुढच्या चाकांवर अचानक जोराचं रीजनरेशन म्हणजे गाडी घसरण्याला आमंत्रण. आणि फुल चार्ज बॅटरी रीजनरेशन घेतच नाही, तेव्हा मूळ ब्रेक ठणठणीत हवेत.

आता मला ज्याची सर्वांत काळजी वाटते ते. कन्व्हर्जन टिकतं की नाही हे मोटरच्या कंपनीवर कमी आणि मोटर अन् गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर जास्त अवलंबून असतं. या सांध्यात ॲडाप्टर प्लेट असते, साधारण १५-२० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची. एका बाजूला तिला मोटर बोल्ट होते, दुसऱ्या बाजूला बॉक्सची बेल हाउसिंग, म्हणजे क्लच झाकणारं घंटेच्या आकाराचं तोंड. आतमध्ये मोटरच्या शाफ्टवर कपलर (जोडणारा तुकडा), त्यावर फ्लायव्हील (जड चकती), मग क्लच. मोटरच्या शाफ्टचं केंद्र आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं केंद्र एका रेषेत यायला हवं, ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक गाडी चार महिन्यांनी परत आली. तक्रार: ॲक्सिलरेटर सोडला की टकटक. बॉक्स मागे सरकवला आणि बेल हाउसिंगच्या तळाशी लालसर तपकिरी भुकटी दिसली, विटेच्या चुऱ्यासारखी. बोटावर घेतली तर तेलकट नाही, कोरडी. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (क्लच प्लेट जिच्यात अडकते त्या लांबट दातांवर) नख फिरवलं तर प्रत्येक दाताची एक बाजू खाल्लेली आणि कडेला धार आलेली. ती भुकटी म्हणजे झिजलेलं पोलादच होतं, सतत घासून गंजलेलं. डायल (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं मापयंत्र) लावून पाहिलं तर केंद्र ०.३ मिलिमीटरनं सरकलेलं. चूक माझीच होती. मी प्लेटचं केंद्र बोल्टच्या भोकांवरून काढलं होतं. बोल्टच्या भोकात नेहमी थोडा ढिलेपणा असतो, बोल्ट फक्त आवळायचं काम करतात. जागा ठरवतात ती इंजिन आणि बॉक्समधली दोन डॉवेल, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिना. त्या गाडीचा शाफ्ट आणि क्लच प्लेट मी माझ्या पैशानं बदलली आणि ॲडाप्टर प्लेट भोसरीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) पुन्हा करून घेतली, या वेळी डॉवेलची मापं घेऊन. ती गाडी अजून चालते आहे.

म्हणून बसवणाऱ्याला विचारा: डॉवेल ठेवली आहेत का? आणि बॉक्स चढवण्याआधी डायल लावून दाखवा म्हणा. मोटरच्या शाफ्टवर डायल अडकवून शाफ्ट हातानं फिरवला की काटा किती हलतो ते तुमच्यासमोर दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. जो टाळाटाळ करेल त्यानं ते कधी केलेलं नाही.

दुसरं माप खोलीचं. पेट्रोल इंजिन उतरवण्याआधी इंजिनच्या मागच्या कडेपासून फ्लायव्हीलच्या ज्या पृष्ठभागावर क्लच प्लेट टेकते तिथपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवायचं. मोटर बसवल्यावर ॲडाप्टर प्लेटच्या कडेपासून तेच अंतर यायला हवं. कमी-जास्त झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि जळतं. एकदा इंजिन भंगारात गेलं की हे माप परत मिळत नाही. फ्लायव्हील हलकं करून घ्यायला हरकत नाही, मोटरला तेवढ्या वजनाची गरज नसते आणि स्टार्टरची रिंगही नको. पण हलकं केल्यावर बॅलन्सिंग करून घ्यायचंच.

इंजिनसोबत आणखीही काही जातं आणि ते शेवटच्या दिवशी आठवतं. गाडीच्या ब्रेकला बूस्टर असेल तर त्याचा व्हॅक्यूम इंजिनकडून यायचा, आता विजेवरचा पंप आणि छोटी टाकी लागेल. अल्टरनेटर नाही, म्हणून दिवे, वायपर, हॉर्नसाठी डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा डबा. इंजिनच्या बाजूचं फाउंडेशन मोटरसाठी नव्यानं करावं लागतं. एसी वापरत असाल तर त्याचा वेगळा हिशोब. स्पीडोमीटरची केबल मात्र गिअरबॉक्समधून निघते, बॉक्स राहिला की मीटर पूर्वीसारखाच चालतो. रिव्हर्सही बॉक्सचाच वापरायचा, मोटर उलटी फिरवायची गरज नाही.

तुमच्या धावेचा हिशोब असा. ९६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी म्हणजे ९.६ युनिट. ८०० सारखी हलकी गाडी पन्नासच्या वेगाला किलोमीटरला ०.१ युनिटच्या आसपास घेते. शिवाजीनगरला जाऊन-येऊन तीन युनिट, रोजचं काम आरामात. गडासाठी पुणे सुमारे ५६० मीटरवर, गड सुमारे १३०० वर, गाडीतळापर्यंत ७०० मीटर चढ धरू. ९०० किलो तेवढं उचलायला १.७ युनिट, मोटर-बॉक्समधलं नुकसान धरून दोन. धायरीपासून पंचवीस किलोमीटरचे अडीच. वर पोचेपर्यंत साडेचार, उतरून घरी येईपर्यंत साधारण सहा. म्हणजे गड होतो आणि तीन-साडेतीन युनिट शिल्लक राहतात. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नसते, म्हणून याहून लहान बॅटरी कुणी देत असेल तर घेऊ नका. बॅटरीचं वजन पुढे-मागे कसं विभागलंय तेही बघा. काम सुरू होण्याआधी चारही मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा, झाल्यावर पुन्हा मोजा. मागचा भाग दोन इंच बसला असेल तर स्प्रिंगचं काम बाकी आहे.

आणि वडिलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. इतकी वर्षं चढावर गाडी लावताना ते पहिला गिअर टाकून उतरत असतील. पेट्रोल गाडीत इंजिनचं कॉम्प्रेशन चाक धरून ठेवायचं. मोटरमध्ये कॉम्प्रेशन नाही, वीज बंद असताना ती जवळजवळ मोकळी फिरते. गिअरमध्ये असूनही गाडी उतारावरून हळूहळू निघून जाते. गिऱ्हाइकाला गाडी देण्याआधी मी ती कारखान्यासमोरच्या उतारावर गिअरमध्ये उभी करतो, हँडब्रेक सोडतो आणि ती सरकताना त्यांना दाखवतो. किट बसवायच्या आधीच हँडब्रेकची केबल आणि मागचे लायनर नवे टाकून घ्या, आणि गडावरच्या गाडीतळावर चाकाला दगड लावायची सवय ठेवा.